कामासाठी फिरणारी माणसं लांबच्या बसमध्ये कशी आणायची

लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणाऱ्या माणसाला एकदा वाटलं की आपल्याकडे कंपनीवाले प्रवासी यायला हवेत, की पहिला फोन जातो बॉडी बिल्डरला, म्हणजे बसची बॉडी बांधणाऱ्याला. लेदरच्या सीट, छताला जांभळे लाइट, प्रत्येक सीटमागे टीव्ही. मग सहा महिन्यांनी तोच माणूस म्हणतो एवढा खर्च केला पण कंपनीवाले काही आले नाहीत, तीच सुट्टीला घरी जाणारी पोरं येतात आणि टीव्हीचे रिमोट गायब होतात. मी ही गोष्ट दुसऱ्या बाजूने बघितलीय, म्हणजे लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन कामासाठी वर्षानुवर्षं अशा गाड्यांतून फिरलोय, त्यामुळे गाडीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालू असतं ते बऱ्यापैकी माहितीय.

त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात. अकराच्या मीटिंगला मी पोहोचणार ना, आणि तोपर्यंतचे चार-पाच तास कामाला येणार की फुकट जाणार. जांभळा लाइट त्याला दिसतही नाही. पुढे जे काही लिहितोय ते सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

आधी रूट तपासा, गाडी नंतर

प्रत्येक रूटवर हा धंदा होत नाही. दीडशे किलोमीटरच्या आत माणूस स्वतःची किंवा कंपनीची कार काढतो, आणि दिवसा पाचशेच्या वर गेलात की सहा-सात तास बसायला कोणी तयार नसतं, मग रात्रीची गाडीच चालते. मधला पट्टा, साधारण दोनशे ते चारशे किलोमीटर, हा आपला. अमेरिकेत टेक्सासमध्ये व्हॉनलेन नावाची कंपनी २०१४ पासून नेमकं हेच करते, डॅलस ते ऑस्टिन, डॅलस ते ह्यूस्टन असे सव्वातीनशे ते चारशे किलोमीटरच्या आतबाहेरचे रूट, गाडीत नेहमीच्या बसच्या निम्म्याहून कमी सीट आणि सोबत एक अटेंडंट. त्या शहरांमध्ये विमानं नाहीत असं अजिबात नाही, भरपूर आहेत.

मग विमान सोडून माणूस बसमध्ये का बसेल? तुम्ही स्वतः कागदावर मांडून बघा. विमान हवेत एक तास. पण घरून विमानतळ एक तास, तिथे तास-दीड तास आधी पोहोचायचं, उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा तास, शहरात यायला पाऊण तास. झाले की साडेचार तास, आणि तेही तुकड्यातुकड्यांत, एकदा बूट काढा, एकदा लॅपटॉप काढा, एकदा रांग. त्यात सलग काम करायला मिळतो जेमतेम पाऊण तास. आपली गाडी पाच तास घेईल पण त्यातले साडेचार तास माणूस एकाच जागी बसलेला असतो. एक अख्खं प्रेझेंटेशन होतं तेवढ्यात. जाहिरात करायचीच तर या हिशोबाची करा, घरापासून मीटिंगच्या दारापर्यंतचा वेळ लिहा आणि त्यातला कामाचा वेळ वेगळा लिहा.

आणि जिथे थेट वेगवान ट्रेन दर तासाला आहे तिथे उगाच डोकं आपटू नका. जिथे ट्रेन बदलावी लागते, विमानतळ शहरापासून लांब आहे, किंवा ऑफिसं सगळी शहराच्या एका टोकाला आहेत आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला, अशा जोड्या शोधा. बसची गंमतच ही की थांबा हलवता येतो, रूळ हलवता येत नाहीत.

टाइमटेबल हाच खरा प्रॉडक्ट

इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. सकाळी एक मस्त गाडी, संध्याकाळी एक मस्त गाडी, झालं. पण मीटिंग कधी संपेल हे कोणाच्या हातात असतं का? चारला संपणार होती ती सहाला संपते, आणि पाचची गाडी गेली की माणूस अडकला, पुन्हा कधी तुमच्याकडे फिरकणार नाही. जाताना गाडीवर भरवसा ठेवतो तो परतीच्या जोरावर, हे लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि लंडनच्या मध्ये ऑक्सफर्ड ट्यूब म्हणून बससेवा १९८७ पासून चालू आहे, चोवीस तास धावते आणि दिवसा इतक्या जवळजवळच्या वेळेला असते की लोक वेळापत्रक पाठ करायच्या भानगडीत पडत नाहीत. ट्रेन असूनही लोक त्यात बसतात.

तुमच्याकडे एवढ्या गाड्या नसतील, मान्य. मग निदान हे करा. सकाळची गाडी अशी की साडेदहाच्या आत समोरच्या शहरात उतरवेल, संध्याकाळी दोन-अडीच तासांच्या अंतराने तीन परतीच्या फेऱ्या, आणि तिकीट असं की माणूस फोनवरून दोन टॅप करून पुढच्या किंवा मागच्या गाडीवर सरकू शकेल, एक पैसा न घेता, कोणाला फोन न करता. शेवटच्या गाडीत दोन-तीन सीट कायम मोकळ्या ठेवा अशा सरकलेल्या लोकांसाठी. त्या सीट रिकाम्या गेल्या तरी वाईट वाटून घेऊ नका, त्या रिकाम्या सीटच्या भरवशावरच बाकीच्या भरल्यात.

रात्रीच्या गाडीचा हिशोब वेगळा. तिथे माणूस हॉटेलची एक रात्र वाचवतो आणि दिवस पूर्ण वापरतो. पण पहाटे पाचला हायवेवर उतरवलंत तर त्याला सहा तास न धुतलेलं तोंड घेऊन फिरावं लागतं. एखाद्या हॉटेलशी किंवा जिमशी बोलून अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय लावा, तिकिटातच धरा. जपानमध्ये टोकियो-ओसाका मार्गावर २०१७ मध्ये ड्रीम स्लीपर नावाची रात्रीची बस आली, अख्ख्या गाडीत फक्त अकरा खोल्या, प्रत्येकाला दार. तेवढं सगळ्यांना परवडणार नाही, पण ज्याला सकाळी लोकांसमोर उभं राहायचंय तो झोपेसाठी पैसे देतो.

वेळ पाळणं आणि वेळ चुकल्यावर वागणं

वेळापत्रकात सगळ्यात चांगल्या दिवसाचा वेळ छापू नका. महिनाभर रोजची पोहोचायची वेळ लिहून ठेवा, आणि दहापैकी नऊ फेऱ्या ज्या वेळेत पोहोचतात तो वेळ छापा. पंधरा मिनिटं आधी पोहोचलेली गाडी सगळ्यांना आवडते, दहा मिनिटं उशिरा पोहोचलेल्या गाडीतला माणूस क्लायंटला सॉरी म्हणत जिना चढतो. ती नोंद नंतर विकायलाही कामी येते, कंपनीच्या माणसासमोर मागच्या तीन महिन्यांचा कागद ठेवला की बाकी बोलायची गरज पडत नाही.

ड्रायव्हरची विश्रांतीसुद्धा वेळापत्रकातच बसवा. युरोपात नियमच आहे, साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच. तुमच्याकडे नियम काहीही असो, साडेचार-पाच तासांच्या रूटवर एक ठरलेला थांबा हवाच, ठरलेल्या ठिकाणी, स्वच्छ टॉयलेट असलेला, आणि किती मिनिटांचा ते आधीच तिकिटावर लिहिलेला. ड्रायव्हरला वाटलं म्हणून ओळखीच्या ढाब्यावर पस्तीस मिनिटं, हे कामाच्या माणसाला अजिबात सहन होत नाही, मी स्वतः एकदा अशा थांब्यावर उभा राहून कॉन्फरन्स कॉल केलाय, मागे भांडी वाजतायत आणि समोरचा विचारतोय तुम्ही नक्की आहात कुठे.

उशीर होणारच, रस्ता आहे शेवटी. पण कळवलेला उशीर आणि न कळवलेला उशीर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाडीचं लाइव्ह लोकेशन देणारी लिंक प्रत्येक तिकिटासोबत पाठवा, आणि ती अशी असू दे की प्रवासी ती सरळ क्लायंटला फॉरवर्ड करू शकेल. ही छोटी गोष्ट वाटते पण माझ्या मते वाय-फायपेक्षा जास्त किमतीची आहे. शिवाय एक स्पेअर गाडी रूटच्या मधोमध कुठेतरी उभी हवी, ब्रेकडाऊन झाल्यावर डेपोतून निघून तीन तासांनी येणारी गाडी काय कामाची.

भरपाईचा नियम आधीच लिहून टाका. युरोपियन युनियनचा २०११ चा एक कायदा आहे, क्रमांक १८१, त्यात लांबच्या बसला सुटायलाच दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर प्रवाशाला पैसे परत किंवा दुसरी सोय यातलं एक निवडायचा हक्क आहे, आणि कंपनीने तो पर्यायच दिला नाही तर तिकिटाच्या निम्मी रक्कम वर भरपाई. आपण यापेक्षा बरं वागू शकतो. एक तास उशीर झाला की पुढचं तिकीट आपोआप फुकट, अर्ज नाही, कस्टमर केअर नाही, मेसेज येऊन पडला पाहिजे. वेळ खरंच पाळत असाल तर यात फार पैसे जात नाहीत, आणि जात असतील तर मग आधी ते दुरुस्त करा आणि नंतर बिझनेसवाल्यांच्या मागे लागा.

आता गाडीच्या आत

किती सीट ठेवायच्या? दक्षिण कोरियात हे फार छान कळतं. तिथे साधी एक्सप्रेस बस ४५ सीटची, तिच्या वरची साधारण २८ ची, आणि २०१६ मध्ये आलेली प्रीमियम २१ सीटची. आता गणित करा, ४५ वरून २८ वर आलात तर तेवढेच पैसे मिळवायला भाडं साधारण १.६ पट लागतं, २१ वर आलात तर दोन पटीहून थोडं जास्त. हे ऐकून लोक घाबरतात. पण हा हिशोब गाडी भरलेली धरून आहे ना! तुमच्या ४५ च्या गाडीचं भारमान ५५ टक्के असेल तर आत माणसं बसतात पंचवीस, म्हणजे ज्या सीट काढायला जीव जातोय त्या आधीपासूनच हवा वाहून नेतायत. म्हणून आधी मंगळवार-बुधवारचं भारमान काढा, शनिवार-रविवारचं नको, आणि मग ठरवा. टू बाय वन, म्हणजे एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक, ही रचना बहुतेकांना जमते, एकटी सीट आधी संपते ते तुम्हीच बघाल.

सीटबद्दल एकच गोष्ट जिवाच्या आकांताने सांगतो. पुढच्याने पुशबॅक मागे टाकला की मागच्याचा लॅपटॉप बंद होतो. अक्षरशः स्क्रीन दाबली जाते. एवढं मऊ लेदर लावून काय उपयोग? दिवसाच्या गाडीत पुशबॅक मर्यादित ठेवा किंवा अशी सीट घ्या जी मागे न पडता स्वतःच्या जागेतच पुढे सरकते. ट्रे असा हवा की त्यावर लॅपटॉप बसून हात टेकायला जागा उरेल, आणि डुगडुगता कामा नये. ऑर्डर द्यायच्या आधी वर्कशॉपमध्ये लॅपटॉप घेऊन जा आणि दोन सीट पुढे-मागे लावून बसून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

चार्जिंगची गडबड सगळीकडे असते. साधा यूएसबी पॉइंट फोन चार्ज करतो, लॅपटॉप नाही. लॅपटॉपला साधारण ६५ वॅट लागतात, २८ सीटला मिळून झाले १८२० वॅट, आणि मोठ्या गाडीची लाइन २४ व्होल्टची असते म्हणजे पंचाहत्तर अँपिअरच्या वर करंट, इन्व्हर्टरचा तोटा वेगळाच. सगळे एकदम पूर्ण ताकदीने चार्ज करत नाहीत हे खरं, तरी इलेक्ट्रिशियनला हा आकडा देऊन वायरिंग आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून वीज बनवणारं यंत्र, तपासून घ्या, नाहीतर चार लॅपटॉप लागले की इन्व्हर्टर टीं टीं करत बंद. नव्या गाडीत लॅपटॉपही चार्ज करणारे टाइप-सी पॉवर डिलिव्हरीचे पॉइंट थेट डीसीवरून देता येतात, इन्व्हर्टरची कटकट कमी होते.

वाय-फाय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एका गाडीवर हे भलंमोठं स्टिकर होतं, आत पासवर्ड विचारला तर क्लिनर म्हणाला तो आधीच्या ड्रायव्हरला माहिती होता. असं करण्यापेक्षा स्टिकर लावू नका. द्यायचं तर निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेणारा राऊटर, अँटेना छतावर बाहेरच्या बाजूला, आणि व्हिडिओवर लगाम, कारण दोन जण पिक्चर बघायला बसले की बाकीच्यांचा ईमेलसुद्धा जात नाही. आणि रूटवर एकदा फिरून रेंज कुठे जाते ते लिहून काढा. तिकिटासोबत सांगून टाका की निघाल्यापासून दीड तासाने वीस मिनिटं नेटवर्क नसेल. माणूस कॉल त्याप्रमाणे लावतो, चिडत नाही. अमेरिकेत बोल्टबसने २००८ मध्ये सुरुवात केली तेव्हाच वाय-फाय आणि सॉकेट गाडीत दिले होते, आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या चॅडिक इन्स्टिट्यूटने पुढे माणसं मोजली तर अशा बसमधले प्रवासी विमानातल्यांपेक्षा जास्त प्रमाणात स्क्रीनवर काहीतरी करताना सापडले. साहजिकच आहे म्हणा, तेव्हा विमानात निम्मा वेळ बंद करा बंद करा चालू असायचं.

वाचताना मळमळणारे लोक बरेच असतात, आणि त्यांना कोणी काही सांगत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सीट सगळ्यात कमी उसळतात, अगदी मागची रांग सगळ्यात जास्त. बुकिंगच्या नकाशात मधल्या सीटवर लॅपटॉपचं चिन्ह टाका. अजून एक, सकाळच्या फेरीला ऊन कोणत्या बाजूने येतं ते तुम्हाला रोजचं माहितीय, ते बुकिंग करताना दाखवा ना, स्क्रीनवर ऊन पडलं की काम संपलं.

आवाजाचा नियम करा आणि पाळा. पुढचा अर्धा भाग शांत, कॉल करायचे असतील तर मागे. पिक्चर नाही, गाणी नाही, स्पीकरवर तर मुळीच नाही. ड्रायव्हरच्या केबिनमधलं गाणंसुद्धा पहिल्या दोन रांगांना ऐकू येतं. कोट अडकवायला एक हुक द्या, फालतू खर्चाची गोष्ट आहे पण चुरगळलेला कोट घेऊन उतरलेला माणूस तो हुक नसल्याचं बरोबर लक्षात ठेवतो.

चढण्या-उतरण्याची जागा

लाउंजच्या नादाला लागू नका. छप्पर, उजेड, बसायला जागा, स्वच्छ टॉयलेट आणि गाडी कुठे आहे हे सांगणारा एक माणूस, एवढं पुरे. डिक्कीत टाकलेल्या बॅगेला नंबरचा टॅग लावा आणि अर्धा भाग प्रवाशाला द्या. एकट्या येणाऱ्या बायकांसाठी थांबा उजेडाचा आणि माणसांच्या वर्दळीचा हवा, अंधारात पुलाखाली उतरवणं बंद. जपानमध्ये काही बसकंपन्या शेजारची सीटसुद्धा बाईलाच मिळेल अशी सोय देतात, आपल्या बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय बहुतेक आधीच असतो, फक्त चालू केलेला नसतो.

विकायचं कोणाला

बसतो एक आणि पैसे मंजूर करतो दुसरा. हे कळलं नाही की सगळी मेहनत पाण्यात. मंजूर करणाऱ्याला सीट किती मागे जाते याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला बिल लागतं. कंपनीच्या नावाचं, कंपनीचा टॅक्स नंबर असलेलं, तिकीट काढल्याबरोबर ईमेलवर आलेलं. कित्येक बसवाल्यांकडे बिल मागितलं की दोन फोन, तीन मेसेज आणि मग आठवड्याने हाताने लिहिलेला कागदाचा फोटो, तोपर्यंत खर्चाचा क्लेम भरायची तारीख गेलेली असते, वरातीमागून घोडं. असा एकदा खिशातून पैसे गेले की माणूस पुन्हा विमानच बुक करतो, कारण ते बिल आपोआप येतं. बॉडी बिल्डरला फोन करायच्या आधी तुमच्या बुकिंग सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा.

मग सुरुवात लहान ठेवा. तुमच्या दोन्ही थांब्यांपासून पायी दहा-पंधरा मिनिटांत कोणाची ऑफिसं आहेत त्याची यादी काढा, पंधरा-वीस नावं निघतील. मोठ्या साहेबाची अपॉइंटमेंट घेऊ नका, तिकिटं प्रत्यक्ष काढणाऱ्या ॲडमिनच्या माणसाला भेटा, त्याला दोन-चार फेऱ्यांचे पास द्या, महिन्याचं एकत्र बिल आणि महिनाभराची उधारी द्यायची तयारी ठेवा. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे त्याच बिलात वजा झालेले दिसले पाहिजेत. रिफंडसाठी त्याला एकदा जरी तुमच्या मागे लागावं लागलं तर तुमचं नाव त्याच्या यादीतून गेलं.

मोठ्या कंपन्यांमध्ये आता अजून एक दार उघडलंय. त्यांना कार्बनचा हिशोब द्यावा लागतो, आणि त्यात कर्मचाऱ्यांचा कामानिमित्तचा प्रवास स्कोप थ्रीमधला, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या इंधन-विजेपलीकडच्या उत्सर्जनातला, सहावा प्रकार म्हणून वेगळा मोजतात. ब्रिटन सरकार दरवर्षी जे आकडे काढतं त्यात कोचचा, म्हणजे लांबच्या बसचा, आकडा एका प्रवाशाला एका किलोमीटरमागे साधारण २७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका आहे, देशांतर्गत विमानाचा त्याच्या कितीतरी पट. पण सांभाळून, हा आकडा नेहमीच्या भरलेल्या कोचचा आहे. तुम्ही २१ सीटची गाडी अर्धी रिकामी पळवणार असाल तर तुमचा आकडा बराच वर जाईल, म्हणून तुमच्या डिझेलला तुमच्या प्रवाशांनी भागून खरा काढा आणि महिन्याच्या बिलावर छापा. त्यांच्या ऑडिटरने विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे.

नकाशात दिसणंही महत्त्वाचं. माणूस दोन शहरांची नावं टाकून शोधतो तेव्हा ट्रेन आणि विमान दिसतं, बस दिसत नाही. जीटीएफएस नावाचा वेळापत्रकाचा एक ठरलेला फॉरमॅट आहे, गूगल मॅप्ससारखी ॲप तो वाचतात, कोणी बरा डेव्हलपर असेल तर मोजक्या रूटसाठी थोड्या दिवसांत करून देतो.

भाड्याबद्दल एवढंच, की शेवटच्या क्षणी सीट भरायला अर्ध्या भावात विकू नका. पूर्ण पैसे भरलेला माणूस शेजारच्याला विचारतोच, कितीला घेतलं. रिकामी सीट द्यायचीच तर नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्या, शेजारची जागा मोकळी ठेवून. नेहमी येणाऱ्याला कॅशबॅकपेक्षा ठरलेली सीट जास्त आवडते, बऱ्याच कंपन्यांमध्ये कॅशबॅक खिशात घालायला परवानगीही नसते.

आणि गाडी सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यात स्वतः एक तिकीट काढा, वेगळ्या नंबरवरून, मागून तिसऱ्या रांगेतलं. ड्रायव्हर-क्लिनरला सांगू नका. लॅपटॉप उघडा, एक खरा कॉल लावा, मधल्या थांब्यावर टॉयलेटला जा, परतीची गाडी ऐनवेळी बदला आणि उतरल्यावर कंपनीच्या नावाचं बिल मागा. किती फोन करावे लागले ते मोजा.